गाऱ्हाणे कुणासाठी?

कोकणपट्टीत 'गाऱ्हाणे' हा शब्द दोन्हीकडे चालतो. देवापुढे घालतात ते गाऱ्हाणे आणि कचेरीत साहेबापुढे मांडतात तेही गाऱ्हाणेच. शब्द एक असल्यामुळे की काय, दोन्ही ठिकाणचा आपला भावही एकच झाला आहे. सरकारदरबारी काही मागायचे म्हणजे कृपेची याचना करायची, हात जोडून उभे राहायचे आणि पदरात काही पडले तर उपकार मानायचे, अशी आपली समजूत असते. वास्तविक ह्या दोन मागण्यांत मोठे अंतर आहे. परमेश्वराच्या कृपेवर आपला हक्क नसतो; ती तो आपल्या प्रेमापोटी देतो. राज्यकर्त्यांकडे न्याय्य कायदा मागताना मात्र आपण त्यांना त्यांच्या कर्तव्याची आठवण करून देत असतो.

इतके मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच आणि तो नैतिक स्वरूपाचा आहे. नवा कायदा मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण तो आपण कुणासाठी मागावा? ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. मग ज्याने त्याने आपापले गाऱ्हाणे मांडावे हे पुरे, की दुसऱ्याचे गाऱ्हाणे ओळखणे हेही आपले कर्तव्य ठरते? ह्या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच समाजाशी निगडित असलेल्या एका कायद्याची हकिकत मला फार बोधप्रद वाटते. तिच्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

जुन्या करारातील 'गणना' ह्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पाच बहिणींची कथा आली आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा ह्या सलाफहादाच्या कन्या. वडील अरण्यात वारले, भाऊ नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे वतन मुलाकडे जायचे. मुलगा नसेल तर त्या माणसाचे नाव आणि जमीन दोन्ही लोपणार. ह्या पाचजणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सर्व मंडळी ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्पष्ट विचारले की, केवळ पुत्र नाही म्हणून आमच्या पित्याचे नाव का पुसले जावे? मोशेने त्यांना हाकलून दिले नाही. हातात असलेल्या नियमावर बोट ठेवून त्यांना गप्पही केले नाही. त्याने त्यांचे प्रकरण परमेश्वरासमोर नेले. त्या मुलींचे म्हणणे रास्त आहे असा कौल मिळाला, आणि वारशाचा नवा नियम साऱ्या इस्राएलाला लागू झाला. शासनसंस्थेसमोर उभे राहून नागरिकांनी नवा कायदा मागितला आणि तो मिळवला, अशी ही पवित्र शास्त्रातली नोंद आहे. मागणाऱ्या स्त्रिया होत्या आणि त्यांच्यामागे ना सत्ता होती ना संख्या, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रालाही अर्ज करण्याची परंपरा नवी नाही. 1852 साली मुंबईत नाना शंकरशेट आदी मंडळींच्या पुढाकाराने बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली आणि तिने इंग्लंडच्या पार्लमेंटकडे हिंदी प्रजेची गाऱ्हाणी मांडणारा अर्ज धाडला. पुण्याची सार्वजनिक सभा 1870 साली निघाली. तिचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान पन्नास प्रौढ माणसांनी दिलेले मुखत्यारपत्र आणावे लागे. 'मी लोकांच्या वतीने बोलतो' असे कुणी म्हटले, तर 'कोणत्या लोकांच्या?' असे विचारण्याचा रिवाज त्या पिढीने आपणहून स्वीकारला होता. परकीय राजवटीत नागरिकाचा दर्जाही नसलेल्या माणसांनी दाखवलेली ही जबाबदारीची जाणीव आजही अनुकरणीय आहे.

स्वतंत्र भारतात तर हा अधिकार राज्यघटनेनेच मान्य केला आहे. अनुच्छेद 350 प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे त्या त्या ठिकाणी वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. संसदेच्या दोन्ही सभागृहांत विनंती अर्जांसाठी स्वतंत्र समित्या आहेत. लोकसभेच्या समितीत पंधरा सभासद असतात, राज्यसभेच्या समितीत दहा. लोकसभेच्या समितीवर मंत्र्याची नेमणूक होत नाही, कारण ज्यांच्या कारभाराविषयी गाऱ्हाणे यायचे त्यांनीच ते तोलू नये. सभागृहापुढे असलेल्या विधेयकाविषयी किंवा व्यापक सार्वजनिक हिताच्या विषयावर अर्ज करता येतो. न्यायालयात चालू असलेले प्रकरण मात्र त्यात आणता येत नाही. अर्जाची भाषा आदराची व संयमाची असावी, शेवटी नेमकी मागणी असावी आणि अर्जदाराने नावपत्त्यासह सही करावी, असा नियम आहे. लिहिता न येणाऱ्याचा अंगठाही चालतो. समिती साक्षी काढते, खात्यांकडून खुलासे मागवते आणि सभागृहाला अहवाल देते. ती केवळ शिफारस करते. कायदा करायचा की नाही हे सभागृह ठरवते.

ह्या व्यवस्थेत सह्यांच्या संख्येला महत्त्व नाही. एका माणसाच्या सहीचा अर्जही विचारात घेतला जाऊ शकतो. युरोपीय संघाने ह्याहून वेगळा मार्ग निवडला आहे. लिस्बन करारानुसार तेथे 1 एप्रिल 2012 पासून 'नागरिकांचा पुढाकार' नावाची योजना सुरू झाली. संघाच्या किमान एक चतुर्थांश सभासद देशांतील मिळून दहा लाख नागरिकांनी एका वर्षाच्या आत सह्या केल्या, तर नव्या कायद्याचा प्रस्ताव मांडण्याची मागणी त्यांना युरोपीय आयोगापुढे ठेवता येते. आरंभीच्या काळात दोन मोठ्या मागण्या पुढे आल्या. पाणी हा मानवी हक्क मानावा ह्या मागणीवर सोळा लाखांहून अधिक सह्या झाल्या. दुसरी मागणी मानवी गर्भाच्या संरक्षणाची होती. 'आपल्यातलाच एक' अशा अर्थाचे नाव असलेल्या ह्या मोहिमेसाठी इटलीतील अनेक धर्मग्रामांत सह्या गोळा झाल्या; 12 मे 2013 रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी तिचा जाहीर उल्लेख केला. तिला सतरा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. 2014 साली आयोगाने दोन्ही मागण्यांना उत्तरे दिली. पाण्याची मागणी अंशतः मान्य झाली आणि पुढे 2020 साली पिण्याच्या पाण्याविषयीचा सुधारित कायदा आला. गर्भसंरक्षणाची मागणी आयोगाने नाकारली. प्रकरण न्यायालयात गेले. आयोगाने मागणीचा विचार करून सकारण उत्तर दिले पाहिजे. परंतु सह्या पुरेशा झाल्या म्हणून प्रस्ताव मांडण्याचे बंधन त्याच्यावर येत नाही, असा अंतिम निकाल 2019 साली लागला.

गर्भातील जिवाला जपावे असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हा नकार बोचतो. त्या जिवाची बाजू मांडणाऱ्यांची भूमिका योग्य होती, ह्याविषयी माझ्या मनात संदेह नाही. तरीही न्यायालयाने सांगितलेले तत्त्व मला तपासून घ्यावेसे वाटते. संख्येपुढे राज्यकर्त्यांनी मान तुकवलीच पाहिजे असा नियम केला, तर तो केवळ आपल्या मागण्यांपुरता राहणार नाही. उद्या एखाद्या दुबळ्या समूहाविरुद्ध दहा लाख सह्या घेऊन कुणी आले, तर तोच नियम त्यांच्याही हाती पडेल. आणि ज्यांच्याजवळ दहा लाख सह्या कधीच जमणार नाहीत त्यांनी मग कुठे जावे? संत थॉमस अक्वायनस ह्यांनी कायद्याची व्याख्या करताना विवेक आणि सर्वांचे हित ह्या दोन गोष्टींना मध्यवर्ती स्थान दिले आहे. त्या कसोटीवर अर्जाचे वजन त्यातील कारणांवरून ठरते. सह्या पाहून राज्यकर्त्याने ऐकण्यास बसावे. निर्णय मात्र त्याने कारणे पाहून करावा. संख्येने आपण हरलो तरी कारणांनी पुन्हा मागू शकतो, ही त्यातली आशेची बाजू आहे.

आता आपल्या घरच्या हकिकतीकडे येऊ. भारतातील ख्रिस्ती लोकांसाठी 1869 साली इंग्रजांनी घटस्फोटाचा कायदा केला. त्याच्या दहाव्या कलमात पतीपत्नींना वेगवेगळी मापे होती. पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पतीचे काम होत असे. पत्नीला मात्र नुसता व्यभिचार सिद्ध करून चालत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य, दोन वर्षांचा परित्याग किंवा तसेच काही गंभीर सिद्ध करावे लागे. त्यातून जिल्हा न्यायालयाने निकाल दिला, तरी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून तो पक्का होत नसे. विवाहसंस्कार अविभाज्य आहे ही कॅथॉलिक श्रद्धा ह्या प्रश्नाने बाधित होत नाही. येथे प्रश्न देशाच्या कायद्यातील न्यायाचा होता. मारहाण सोसणाऱ्या, टाकून दिलेल्या स्त्रीची सुटका त्यात अडकली होती. चर्चच्या न्यायमंडळाने ज्यांचा विवाह मुळातच अवैध ठरवला त्यांनाही देशाच्या कायद्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागत होती.

हा अन्याय दूर करावा म्हणून कितीतरी वर्षे मागणी होत होती. विधी आयोगाने 1960, 1983 आणि 1998 साली ह्या विषयावर अहवाल दिले. ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनांनी, वकिलांनी आणि निरनिराळ्या पंथांच्या चर्चमंडळांनी निवेदने दिली, चर्चा केल्या. 1995 साली केरळ आणि 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने दहाव्या कलमातील विषमतेवर आघात केला. अखेर 2001 साली संसदेने कायदा दुरुस्त केला. स्त्रीपुरुषांना एकच माप लागू झाले, उच्च न्यायालयाच्या मंजुरीची अट गेली. एकशे बत्तीस वर्षांचा भेद संपला म्हणून समाजात समाधान व्यक्त झाले, आणि ते योग्यच होते.

परंतु त्याच दुरुस्तीत घटस्फोटाच्या कारणांची जी नवी यादी आली तिच्यात एक कारण असे होते, की जोडीदाराला दोन वर्षांपासून उग्र व असाध्य स्वरूपाचा कुष्ठरोग असेल तर विवाह मोडता येईल. 1869 च्या कायद्यात हे कारण नव्हते. देशातील इतर विवाहकायद्यांत ते पूर्वीपासून होते आणि आता ते आपल्याही कायद्यात आले. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की, 2001 साल येईपर्यंत वैद्यकशास्त्राच्या लेखी 'असाध्य कुष्ठरोग' ही गोष्टच उरली नव्हती. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली केली होती आणि त्यानंतर दोनच वर्षांत भारतात कुष्ठरोग निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता. डॉक्टर ज्याला बरा होणारा रोग म्हणत होते त्याला कायदा असाध्य म्हणत होता.

ही त्रुटी आपल्या लक्षात कशी आली नाही? कुष्ठरोग्यांची सेवा हा तर आपल्या धर्मजीवनाचा जुना वारसा. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये राहून त्याच रोगाने 1889 साली देह ठेवणारे फादर डेमियन आपल्याला संतस्थानी आहेत. 2009 साली त्यांना संतपद जाहीर झाले. आपल्या धर्मभगिनींनी देशभर कुष्ठरोग्यांच्या जखमा बांधल्या. ज्यांच्या जखमा आपण बांधत होतो, त्यांचा विवाह मोडण्याचे कारण आपल्याच कायद्यात दाखल होत असताना त्याविरुद्ध समाजातून मोठा आवाज उठल्याचे दिसत नाही. ह्यामागे कुणाचा दुष्टावा नव्हता. आपण आपल्या गाऱ्हाण्यात मग्न होतो, एवढेच. ते गाऱ्हाणे खरे होते, निकडीचे होते. परंतु दाराशी आणखी कुणी उभे आहे का, हे पाहायचे राहून गेले.

त्या दाराशी उभ्या असलेल्यांनी मग आपला अर्ज आपणच केला. कुष्ठपीडितांना समाजात सामावून घ्यावे आणि त्यांना सक्षम करावे, अशी मागणी करणारा विनंती अर्ज राज्यसभेपुढे आला. अर्ज समितीने त्याची दखल घेतली आणि 2008 साली आपल्या एकशे एकतिसाव्या अहवालात कुष्ठपीडितांविरुद्ध भेदभाव करणारे कायदे बदलण्याची गरज सांगितली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे ओरिसातील एक प्रकरण होते. कुष्ठरोग्याला नगरपालिकेची निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवणारी तरतूद न्यायालयाने वैध मानली. मात्र अशा तरतुदी अद्याप ठेवाव्यात का, ह्याचा विधिमंडळाने गांभीर्याने विचार करावा असेही सुचवले. न्यायालय कायद्याची वैधता तपासू शकते. कायद्याचे शहाणपण तपासणे हे मुख्यतः लोकप्रतिनिधींचे काम. म्हणून अर्जाची वाट महत्त्वाची. 2015 साली विधी आयोगाने आपल्या दोनशे छप्पन्नाव्या अहवालात ह्याच विषयाचा सविस्तर विचार केला. 1898 चा कुष्ठरोग्यांविषयीचा जुना कायदा 2016 साली रद्द झाला. 2019 साली संसदेने पाच वैयक्तिक कायद्यांतून कुष्ठरोग हे कारण काढून टाकले. त्या पाचांत आपला 1869 चा कायदाही होता. अठरा वर्षांपूर्वी आलेले ते कलम अशा रीतीने गेले, आणि ते आपल्या मागणीने गेले नाही.

कुणी म्हणेल, ह्यात बिघडले काय? ज्यांचे दुःख त्यांनी मांडले, त्यांना न्याय मिळाला, व्यवस्था चालली. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा उत्साह कधी कधी त्या दुसऱ्याचे तोंडच बंद करतो. कुष्ठपीडितांनी स्वतः सही केलेल्या अर्जाचे मोल आपण त्यांच्यासाठी केलेल्या दहा अर्जांहून अधिक आहे, हे मी मान्य करतो. पण ह्यावरून आपण मोकळे झालो असे ठरत नाही. अठरा वर्षे ते कलम पुस्तकात होते. त्या काळात कुण्या एका घरात त्याचा उपयोग झाला असेल किंवा त्याची केवळ धमकी दिली गेली असेल. सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारपणात एकमेकांना साथ देण्याचे वचन वेदीसमोर घेतलेल्या माणसाला 'कायदा मला सोडून जाण्याची मुभा देतो' असे म्हणता येत होते. आपण मागितलेल्या कायद्याचे संपूर्ण वाचन करणे हे आपलेच काम होते. मागणाऱ्याची जबाबदारी मागणी मान्य झाल्यावर संपत नाही.

सलाफहादाच्या कन्यांच्या कथेलाही असाच एक उत्तरार्ध आहे. छत्तिसाव्या अध्यायात मनश्शे वंशातील गिलादाच्या घराण्याचे प्रमुख मोशेकडे येतात. ह्या मुलींनी दुसऱ्या वंशात विवाह केले तर आमच्या वंशाचे वतन बाहेर जाईल, असे त्यांचे गाऱ्हाणे. त्यांचेही म्हणणे ऐकले जाते. मुलींचा हक्क कायम राहतो, विवाहाविषयी एक मर्यादा पडते. ती मर्यादा आजच्या मनाला जाचक वाटेल. परंतु कोणताही नवा कायदा एकाचा प्रश्न सोडवताना दुसऱ्याच्या ताटाला हात लावतो आणि म्हणून दुसऱ्याचेही ऐकावे लागते, हे शास्त्रकर्त्याने लपवून ठेवलेले नाही.

दुसऱ्याला आठवणीत ठेवण्याची सवय आपल्या उपासनेने आपल्याला लावलीच आहे. व्हॅटिकन परिषदेने मिस्साबलिदानात श्रद्धावंतांच्या प्रार्थना पुन्हा आणल्या. त्यांचा क्रम ठरलेला आहे: प्रथम ख्रिस्तसभेच्या गरजा, मग राज्यकर्ते आणि सारे जग, मग कोणत्याही संकटाने पिडलेली माणसे, आणि शेवटी आपला स्थानिक समाज. आपल्या धर्मग्रामासाठी मागण्यापूर्वी आपण दर रविवारी अनोळखी पीडितांसाठी मागतो. देवापुढचे गाऱ्हाणे ह्या शिस्तीने घालणाऱ्या समाजाने सरकारपुढचे गाऱ्हाणे घालताना ती शिस्त वेशीवर टांगू नये. नागरिकाने आपला अधिकार सर्वांच्या हितासाठी वापरावा, असे त्याच परिषदेने 1965 साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' ह्या दस्तऐवजात सांगितले आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायाच्या आरंभी अन्यायी न्यायाधीशाला आपल्या चिकाटीने नमवणारी विधवा भेटते. तिच्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. तिच्या आधीच्याच अध्यायात दहा कुष्ठरोगी आहेत. ते दूर उभे राहून एका आवाजात दयेची याचना करतात. प्रभू येशू त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवण्यास सांगतो. कारण कुष्ठरोगी शुद्ध झाला हे जाहीर करण्याचा अधिकार मोशेच्या नियमशास्त्राने याजकांना दिला होता. त्यांच्या मान्यतेशिवाय बरा झालेला माणूसही गावात, घरात, पंगतीत परत येऊ शकत नव्हता. येशूने रोग बरा केला आणि कायद्याचा दरवाजाही दाखवला. आपल्या देशात औषधाने कुष्ठरोग बरा होऊ लागला तरी विवाहकायद्यांनी ते मान्य करायला 2019 साल उजाडले. काही राज्यांच्या कायद्यांत तशा तरतुदी त्यानंतरही शिल्लक राहिल्या.

तेव्हा पुढच्या वेळी धर्मग्रामाच्या सभागृहात एखाद्या निवेदनावर सह्यांचा कागद फिरेल, तेव्हा सही जरूर करावी. त्याआधी मागणीचा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, आणि हा कायदा झाला तर त्याचा भार कुणावर पडेल ते विचारावे. तो माणूस आपल्या ओळखीतला असेल, तर कागद घेऊन त्याच्या घरी जावे आणि त्याचे काय म्हणणे आहे ते ऐकून यावे. सह्यांचा कागद दोन दिवस उशिरा गेला तरी चालेल.